पेप्टाइड मायक्रोॲरे व फॉस्फोरिलीकरणाची स्थाने

पेप्टाइड मायक्रोॲरे : काचेच्या पट्टीवर शेकडो ते हजारो लहान पेप्टाइडे (अमिनो अम्लांच्या छोट्या साखळ्या) ठरावीक जागी ठिपक्यांच्या रूपात पक्की बसवलेला संच. प्रथिनाच्या साखळीतील नेमक्या कोणत्या सेरीन, थ्रिओनीन वा टायरोसीन या अमिनो अम्लावर एखादे किनेज (फॉस्फेट बसवणारे विकर) फॉस्फेट गट बसवू शकते, म्हणजेच फॉस्फोरिलीकरण करू शकते, हे शोधण्यासाठी तो वापरतात. ‘बसवू शकते’ हे शब्द येथे मुद्दाम योजले आहेत. पेशीत ते किनेज तसे करते की नाही, याचे उत्तर पट्टीवर मिळत नाही.

तत्त्व : किनेज एटीपी या पेशीतील ऊर्जावाहक रेणूच्या टोकाचा म्हणजे गॅमा फॉस्फेट गट उचलून अमिनो अम्लाच्या हायड्रॉक्सिल गटावर ठेवते. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या गणनेत मानवी जीनोममध्ये ५१८ प्रथिन-किनेजे मोजली गेली. नंतर हा आकडा थोडाफार बदलला. बहुतेक किनेजे आपली जागा ओळखताना तिच्या मागच्यापुढच्या चार-पाच अमिनो अम्लांकडे पाहतात. पीकेए या किनेजाला सेरिनाच्या मागे दुसऱ्या व तिसऱ्या जागी आर्जिनीन हवे असते, सीके२ला पुढे तिसऱ्या जागी आम्लधर्मी अमिनो अम्ल, तर सीडीके व मॅप किनेजांना लगेच पुढे प्रोलीन. अख्ख्या प्रथिनाऐवजी १३ ते १५ अमिनो अम्लांचा तुकडा चालतो तो या सवयीमुळेच.

उगम : या तंत्राचा आरंभ कोठे धरावा याबाबत एकमत नाही. गेसेन यांनी १९८४ मध्ये प्लॅस्टिकच्या खुंट्यांवर एकाच वेळी अनेक पेप्टाइडे घडवली, तेव्हापासून काही लेखक हा इतिहास सुरू करतात. फोडोर व सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये प्रकाशाच्या साहाय्याने दहा टप्प्यांत १,०२४ पेप्टाइडांचा संच काचेवर घडवला, आणि ‘चिप’ या अर्थाने अग्रक्रम त्यांच्याकडे जातो. मात्र या दोन्ही कामांत पाहिले गेले ते प्रतिपिंडांचे चिकटणे. किनेजाचा त्यांत संबंध नव्हता. फ्रांक यांची सेल्युलोज कागदावर ठिपक्याठिपक्याने पेप्टाइड घडवण्याची ‘स्पॉट’ पद्धत १९९२ च्या शोधनिबंधाने सर्वत्र पोचली; ती त्याआधी काही वर्षे वापरात असावी. अशा कागदी संचांवर पीकेए व त्याच्या जवळच्या पीकेजीची आवड तपासणारे काम १९९५ मध्ये प्रसिद्ध झाले. स्थानशोधाच्या दृष्टीने खरा उगम येथे मानणे अधिक सयुक्तिक दिसते. मॅकबीथ व श्रायबर यांनी २००० मध्ये किनेजांची लक्ष्ये काचेवर छापून किरणोत्सर्गी एटीपीने ती ओळखून दाखवली. त्याने नवे तत्त्व आले नाही, प्रमाण बदलले : कागदाला किनेजाचे द्रावण मिलिलिटरांत लागे, काचेला ते मायक्रोलिटरांत पुरते. २००२ मध्ये हाउसमन, मर्क्सिच व सहकाऱ्यांनी सोन्यावरील एकरेण्वीय थरावर पेप्टाइड बांधून सार्क किनेजाची क्रियाशीलता मोजली आणि पद्धत ‘आहे-नाही’कडून मोजमापाकडे सरकली.

संचाची आखणी : ज्ञात प्रथिनातील स्थान शोधायचे असेल तर त्याच्या क्रमावरून एकावर एक चढणारे तुकडे पाडतात. पी५३ हे प्रथिन ३९३ अमिनो अम्लांचे आहे. १५ ची खिडकी तीन-तीनने सरकवली तर १२७ पेप्टाइडे होतात. प्रत्येकाच्या तीन प्रती धरल्या तर ३८१ ठिपके.

या संचावर डीएनए-पीके हे किनेज सोडले आहे असे समजू. मिश्रणात दुपदरी डीएनएचे तुकडे घालावे लागतात, नाहीतर हे किनेज जागेच होत नाही. त्याला सेरिनानंतर लगेच ग्लुटामीन आवडते, आणि पी५३ मध्ये सेरीन-१५ नंतर तसेच आहे. सेरीन-१५ पाच तुकड्यांत येते : १–१५, ४–१८, ७–२१, १०–२४ आणि १३–२७. पहिल्यात ते अगदी टोकाला असून ग्लुटामीन-१६ कापले गेलेले असते, त्यामुळे तो ठिपका कोराच राहण्याची अपेक्षा असते. उरलेले चार उमटतात. शेवटच्यात सेरिनाच्या मागे दोनच अमिनो अम्ले उरल्याने तो फिका पडू शकतो. कोणता तुकडा उमटला याइतकेच कोणता उमटला नाही हेही येथे वाचायचे असते.

मात्र त्या चारही तुकड्यांत थ्रिओनीन-१८ आहे, आणि तिघांत सेरीन-२०. ठिपका उमटला म्हणजे त्यातल्या कोणत्या अमिनो अम्लावर फॉस्फेट बसले, हे ठिपका सांगत नाही. थ्रिओनीन-१८ व सेरीन-२० दोन्ही असलेला पण सेरीन-१५ नसलेला १६–३० हा तुकडा कोरा राहिला, तर संशय सेरीन-१५ वर येतो. तरी हा पुरावा अप्रत्यक्षच, कारण त्या तुकड्यात थ्रिओनिनाची मागची बाजूही कापली गेली आहे. म्हणून दुसऱ्या फेरीत एकेक अमिनो अम्ल ॲलानिनाने (त्याला हायड्रॉक्सिल गट नसतो) बदलून तोच तुकडा पुन्हा छापतात. डीएनए-पीकेसाठी रूढ झालेले पेप्टाइड पी५३ च्या याच भागाचे आहे. त्यात १८ व २० या दोन्ही जागी ॲलानीन घातलेले असते. त्याच्या जोडीच्या नियंत्रण-पेप्टाइडात ग्लुटामीन व त्यापुढचे ग्लुटामिक अम्ल यांची अदलाबदल केलेली असते.

आखणीत एक चूक वारंवार आढळते. सिस्टिनाचे ऑक्सिडीकरण टाळण्यासाठी त्याजागी सेरीन घालण्याची पेप्टाइड-रसायनात जुनी प्रथा आहे. येथे तसे केल्यास मूळ प्रथिनात नसलेले नवेच स्थान तयार होते. ॲलानीन घालावे.

पेप्टाइड काचेला एकाच टोकाने धरलेले असावे, आणि मध्ये लवचीक दुवा असावा. नाहीतर किनेजाला ते नीट पकडता येत नाही. इपॉक्सी वा अल्डिहाइड काचेवर लायसिनाची बाजूसाखळीही अडकते व पेप्टाइड आडवे पडते. याला तोड म्हणून अमिनो टोकाशी शेवटच्या पायरीला अमिनोऑक्सी गट जोडतात. अर्धवट राहिलेल्या साखळ्या त्याआधीच ॲसिटिल गटाने बंद केल्या असतील, तर काचेला फक्त पूर्ण लांबीची पेप्टाइडे चिकटतात, म्हणजे छपाईतच शुद्धीकरण होते.

विक्रिया व धुलाई : साधारणतः ट्रिस किंवा हेपेस ५० मिलिमोलर (पीएच ७.५), मॅग्नेशियम क्लोराइड १० मिलिमोलर, डायथायोथ्रेइटॉल १ मिलिमोलर आणि एटीपी १० ते १०० मायक्रोमोलर असे मिश्रण घेतात. किनेजाच्या साठवण-द्रावणातून ईडीटीए येत नाही ना, हे पाहावे; ते किनेजाला लागणारे मॅग्नेशियम पकडून ठेवते. पट्टी व झाकणकाच यांच्या फटीत १०० ते ३०० मायक्रोलिटर द्रावण सोडून दमट डबीत ३०° से. ला अर्धा ते दोन तास ठेवतात. बुडबुडा अडकला तर तेथे गोल पांढरी जागा उरते. डबी पुरेशी दमट नसेल तर कडा सुकून पार्श्वभूमी काळवंडते. तीन प्रती शेजारी-शेजारी न छापता पट्टीवर विखरून छापाव्यात, याचे कारण हेच.

किनेजे स्वतःवरही फॉस्फेट बसवतात आणि तशीच काचेला चिकटतात. ती काढण्यासाठी तीव्र मीठ, एसडीएस हे प्रक्षालक व फॉस्फोरिक अम्ल यांनी धुतात. पार्श्वभूमी झाकण्यासाठी दुधाची पूड किंवा केसीन कधीही वापरू नये. केसीन मुळातच फॉस्फेटयुक्त आहे आणि अनेक किनेजांचे आवडते लक्ष्यही.

ओळखण्यासाठी किरणोत्सर्गी एटीपी अजूनही सर्वांत विश्वासार्ह समजले जाते. फॉस्फरस-३२ च्या बीटा कणांची कमाल ऊर्जा १.७१ मेगॅइलेक्ट्रॉनव्होल्ट असते. ते दूरवर जाऊन शेजारचे ठिपके एकमेकांत मिसळतात. फॉस्फरस-३३ ची कमाल ऊर्जा सुमारे ०.२५ मेगॅइलेक्ट्रॉनव्होल्ट असल्याने ठिपका रेखीव येतो, आणि त्याचा अर्धायुकालही १४ ऐवजी सुमारे २५ दिवसांचा असतो. टायरोसिनासाठी प्रतिपिंडे चांगली आहेत. सेरीन व थ्रिओनीन यांची सर्वसाधारण प्रतिपिंडे आजूबाजूच्या क्रमाला फसतात. धातू-आयनावर आधारलेले फ्लुओरेसंट रंजक सोयीचे असले तरी ॲस्पार्टिक व ग्लुटामिक अम्ल जास्त असलेली पेप्टाइडे फॉस्फेटाविनाही त्यांनी चमकतात.

खोटे ठिपके : आर्जिनीन-लायसीनबहुल पेप्टाइडे एटीपीलाच धरून ठेवतात. म्हणून किनेज न घातलेली एक पट्टी बरोबर हवीच. शुद्ध म्हणून घेतलेल्या किनेजात दुसऱ्या किनेजाचा अंश असू शकतो. निष्क्रिय उत्परिवर्ती किनेजाची पट्टी तो उघड करते. लॅम्डा फॉस्फेटेज या फॉस्फेट काढणाऱ्या विकराने धुतल्यावर ठिपका नाहीसा झाला, तर तो फॉस्फेटाचाच होता.

हुकलेली स्थाने याहून अवघड. सीएचके२ हे किनेज अखंड पी५३ च्या सेरीन-२० वर फॉस्फेट बसवते, पण त्याच भागाचा सुटा तुकडा त्याला फारसा चालत नाही, कारण त्याला टेकायला पी५३ चा डीएनए-बंधक भागही लागतो. जीएसके३ या किनेजाला बहुधा चार अमिनो अम्ले पुढे आधीच फॉस्फेट बसलेले हवे असते. संचात तसे पेप्टाइड मुद्दाम घातले नाही तर ते गप्प राहते. उलट, अखंड प्रथिनात घडीच्या आत दडलेली जागा सुट्या तुकड्यात उघडी पडून उमटते. त्यामुळे पट्टीवरील यादी मास स्पेक्ट्रोमेट्रीने ताडून पाहतात (फॉस्फेटामुळे वस्तुमान ७९.९७ डाल्टनने वाढते) आणि त्या जागी ॲलानीन घातलेले अखंड प्रथिन पेशीत तपासतात.

हिस्टिडिनावरील फॉस्फोरिलीकरण या पद्धतीच्या बाहेरच राहिले आहे. तो बंध आम्लात टिकत नाही, आणि फॉस्फोरिक अम्लाची नेहमीची धुलाई त्यालाच धुऊन नेते.