शुक्रवारच्या कुस्त्या आणि पॉल बॉश

नव्वदच्या दशकात मधल्या सुट्टीत डब्ल्यूडब्ल्यूएफचे पत्ते कुटलेल्या पिढीला हल्क होगनची उंची आणि आंद्रेचं वजन अजूनही तोंडपाठ असेल. ते पत्ते आपल्याकडे पोचले तेव्हा अमेरिकेतली जुनी धंदेवाईक कुस्ती मोडीत निघाली होती. तिथे आधी एकच एक मोठी कंपनी नव्हती, इलाखे होते. टेक्सासमधल्या ह्यूस्टनच्या इलाख्याची गादी वीस वर्षं पॉल बॉश या माणसाने सांभाळली. कुस्त्या लावायचा तोच आणि माईक हातात घेऊन त्यांचं वर्णन करायचाही तोच. 7 मार्च 1989 ला तो गेला. त्याची आठवण काढायची तर आधी इलाख्यांची व्यवस्था समजून घ्यावी लागते.

1948 साली आयोवा राज्यातल्या वॉटरलू गावी कुस्त्या भरवणारे काही प्रमोटर एकत्र बसले आणि त्यांनी नॅशनल रेसलिंग अलायन्स स्थापन केली. करार साधा होता: तुझ्या गावात मी तंबू ठोकणार नाही, माझ्या गावात तू ठोकायचा नाहीस. जगज्जेता मात्र सगळ्यांचा सामाईक. तो पट्टा घेऊन गावोगाव फिरायचा आणि प्रत्येक इलाख्याच्या लाडक्या पैलवानाला हरता हरता हरवून पुढच्या गाडीत बसायचा. ही नूरा कुस्ती होती, म्हणजे निकाल आधीच ठरलेली, पण कसबी लोकांची. लू थेझसारख्या जगज्जेत्याशी कुणी खरोखर भिडायला गेला तर त्याची धडगत नसे. हाच थेझ 1968 साली मुंबईत दारासिंगशी लढला. आपले आजोबा जिला ‘फ्रीस्टाईल’ म्हणत, तिचा आणि ह्यूस्टनचा संबंध एवढा जवळचा आहे.

बॉशचा जन्म 2 ऑक्टोबर 1912 चा, न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमधला. लाँग बीचच्या समुद्रावर तो जीवरक्षक होता आणि 1932 मध्ये कुस्तीच्या धंद्यात शिरला. आपल्या तालमीत कान मोडले की पोरगा पैलवान झाला असं समजतात. बॉशचे दोन्ही कान तसेच फुगून गोळा झालेले होते आणि आयुष्यभर त्याची ओळख त्या कानांवरूनच पटायची.

त्या दिवसांतली एक गोष्ट मराठी वाचकाला सांगितल्याशिवाय राहवत नाही. अमेरिकेतल्या ‘मड रेसलिंग’च्या जन्माची जी कहाणी सांगतात, तिच्यात बॉशचं नाव येतं. तीसच्या दशकात सिअ‍ॅटलमध्ये एका भारतीय मल्लासाठी ‘हिंदू पद्धती’ची कुस्ती ठरली. म्हणजे काय, तर रिंगणात माती टाकायची. धूळ उडू नये म्हणून कुणीतरी पाणी मारलं, ते जास्त झालं आणि सगळा चिखल झाला. लोकांना मात्र तो भलताच आवडला. हौद्यातल्या लाल मातीत तेल, ताक, लिंबू, हळद मुरवून ती दिवस दिवस खोऱ्याने वरखाली करणाऱ्या आपल्या वस्तादाने हे पाहिलं असतं तर त्याने कपाळाला हात लावला असता. कहाणीत तिखटमीठ किती हे सोडून देऊ. कुस्तीच्या धंद्यात कुठलीच गोष्ट अळणी सांगायची पद्धत नाही.

पुढचा भाग मात्र बिनमिठाचाही जड आहे. दुसऱ्या महायुद्धात बॉश सैन्यात गेला आणि 121 व्या पायदळ रेजिमेंटमध्ये लेफ्टनंट झाला. 1944 च्या नोव्हेंबरात ही रेजिमेंट जर्मनीतल्या ह्युर्टगेनच्या जंगलात उतरली. तिथे तोफगोळे झाडांच्या शेंड्यांवर फुटत, त्यामुळे लोखंडाबरोबर लाकडाच्या फाकाही वरून कोसळत. जमिनीवर सपाट पडून राहणं हा काही बचाव नव्हता. 28 नोव्हेंबरला ह्युर्टगेन गाव पडलं, त्या चढाईत बॉश होता. परतला तेव्हा त्याच्या छातीवर शौर्याचा सिल्व्हर स्टार होता आणि जखमींना मिळणारं पर्पल हार्टही. या लढाईवर त्याने लिहिलेलं आत्मकथन 1962 साली निघालं. पैलवानाने लिहिलेलं म्हणून कुणी ते बाजूला टाकू नये. त्या जंगलाबद्दल लिहिणारे इतिहासकार आजही त्याच्या शब्दांकडे जातात.

युद्ध संपल्यावर तो पुन्हा रिंगणात उतरला, पण 1947 मधल्या मोटार अपघाताने त्याची कुस्ती जवळजवळ संपवली. तेव्हा ह्यूस्टनचा प्रमोटर मॉरिस सिगेल याने त्याला माईकसमोर बसवलं. आधी रेडिओ, मग 1949 च्या जानेवारीत शहरातलं पहिलं दूरचित्रवाणी केंद्र सुरू झालं आणि कुस्ती पडद्यावर आली. नव्या केंद्रांना कार्यक्रम हवे होते आणि कुस्तीइतकं सोयीचं दुसरं काही नव्हतं. रिंगण लहान, उजेड भरपूर, एका जागी बसवलेल्या कॅमेऱ्यात सगळं मावतं. क्रिकेटसारखा चेंडू शोधत बसावं लागत नाही.

नूरा कुस्तीचं वर्णन करणं काटा कुस्तीपेक्षा, म्हणजे खऱ्या लढतीपेक्षा, अवघड आहे असं माझं मत आहे. काटा कुस्तीत डाव स्वतःच बोलतो. नूरा कुस्तीत सांगणाऱ्याचा सूर जरा जरी खोटा लागला, तरी पुढच्या आठवड्याच्या तिकीटखिडकीवर शुकशुकाट. बॉशचा आवाज फार चढत नसे. कुठल्या पकडीत कुठला सांधा पिळला जातो ते तो सांगायचा आणि त्याचे ते कान पाहणाऱ्याला ते पटायचं. त्या काळच्या नियमाप्रमाणे धंद्याचं गुपित त्याने राखलं. वर्णन करता करता पुढच्या शुक्रवारी कोण कोणाला भिडणार हेही तो पेरत जाई. शुक्रवार हा ह्यूस्टनचा कुस्तीचा वार होता.

26 डिसेंबर 1966 ला सिगेल वारला आणि बॉशने धंदा विकत घेतला. प्रेक्षक बदलत होते. टेक्सासमध्ये 1933 पासून गोऱ्या आणि काळ्या माणसाने एकमेकांशी मुष्टियुद्ध वा कुस्ती खेळायला कायद्याने बंदी होती. हार्वे नावाच्या काळ्या मुष्टियोद्ध्याने कोर्टात जाऊन 1954 मध्ये तो कायदा पाडला. त्याच शहरात पुढे बॉशच्या जाहिरातींवर मेक्सिकोचा होजे लोथारिओ, मूळनिवासी वंशाचा वाहू मॅकडॅनियल आणि काळ्यांचा लाडका जंकयार्ड डॉग ही नावं ठळक झळकली. पुण्याईचा हिशोब बाजूला ठेवू. शहरातल्या मेक्सिकन आणि काळ्या वस्त्यांतून तिकिटं खपतात हे ओळखणारा तो व्यापारी होता. 20 जुलै 1973 ला जॅक ब्रिस्कोने हार्ली रेसकडून जगज्जेतेपद हिसकावलं तेही ह्यूस्टनमध्येच, आणि अर्थात शुक्रवारीच.

मग केबल टीव्ही आला. न्यूयॉर्कच्या व्हिन्स मॅकमहनने 1982 मध्ये वडिलांची कंपनी, म्हणजे डब्ल्यूडब्ल्यूएफ, घेतली आणि वॉटरलूचा करार धाब्यावर बसवून तो देशभर घुसला. बॉशने ओक्लाहोमाच्या बिल वॉट्स या प्रमोटरशी हातमिळवणी केली होती, पण 1986 मध्ये तेलाचे भाव कोसळले. टेक्सास, ओक्लाहोमा, लुइझियाना या तेलावर जगणाऱ्या मुलखातला प्रेक्षक खिसा चाचपू लागला. 1987 च्या एप्रिलमध्ये वॉट्सने कंपनी विकली. बॉशपुढे दोन दारं उरली होती, वॉट्सच्या कंपनीच्या नव्या मालकाचं आणि मॅकमहनचं. त्यातलं मॅकमहनचं दार त्याने ठोठावलं. आयुष्यभर इलाख्याच्या बाजूने उभ्या राहिलेल्या माणसाला हे किती जड गेलं असेल, याचा अंदाज बांधता येतो. 28 ऑगस्ट 1987 ला सॅम ह्यूस्टन कोलिसियममध्ये त्याचा निरोपाचा कार्यक्रम झाला, डब्ल्यूडब्ल्यूएफच्या पताकेखाली. थेझसारखे जुने मल्ल त्याच्यासाठी आले होते. तोही शुक्रवारच होता. त्यानंतर दीड वर्षाने, वयाच्या 76 व्या वर्षी बॉश गेला.

सुरुवातीच्या कुस्त्या ज्या सिटी ऑडिटोरियममध्ये होत, ते 1963 मध्ये पाडलं गेलं. त्या जागी आता जोन्स हॉल आहे आणि शहराचा सिंफनी वाद्यवृंद तिथे वाजतो. कोलिसियम 1998 मध्ये जमीनदोस्त झालं. तिथे उभ्या राहिलेल्या हॉबी सेंटरमध्ये संगीत नाटकं होतात.