मिनेसोटाचं डिझेल आणि खोबरेलाची बाटली

अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यात डिझेलचा कायदा ऋतू पाहून बदलतो. उन्हाळ्यात पंपावरच्या डिझेलमध्ये २० टक्के बायोडिझेल, म्हणजे सोयाबीनसारख्या तेलापासून केलेलं इंधन, असलंच पाहिजे. थंडी आली की हीच सक्ती ५ टक्क्यांवर येते. हे शहाणपण कायदा लिहितानाच आलेलं नव्हतं, ते पहिल्याच हिवाळ्यानं शिकवलं.

बायोडिझेलची सक्ती करणारं मिनेसोटा हे अमेरिकेतलं पहिलं राज्य. कायदा २००२ चा, अंमल सप्टेंबर २००५ च्या अखेरीपासून, प्रमाण अवघं २ टक्के. हवा स्वच्छ राहावी हे कारण होतंच, पण माझ्या मते खरा जोर सोयाबीनच्या भावाचा होता. पेंड जनावरांसाठी हातोहात खपते, तेलाला मात्र हक्काचं गिऱ्हाईक हवं होतं. ते सरकारनं मिळवून दिलं. त्याच डिसेंबरात ट्रकांचे डिझेल फिल्टर तुंबायला लागले आणि राज्याला सक्ती काही आठवडे स्थगित करावी लागली.

थंडीत खोबरेलाची बाटली उपडी केली तरी तेल हलत नाही, हे आपल्याला ठाऊक आहे. बायोडिझेलचं दुखणं त्याच घराण्यातलं. कोणतंही खाद्यतेल म्हणजे ग्लिसरीनच्या एका कण्याला जोडलेल्या स्निग्धाम्लांच्या तीन लांब साखळ्या. असं तेल डिझेलपेक्षा कितीतरी घट्ट असतं, इंजिनात त्याचा नीट फवारा उडत नाही. म्हणून त्यात मिथेनॉल आणि थोडा कॉस्टिक सोडा घालून तापवतात. साखळ्या ग्लिसरीनला सोडून मिथेनॉलला चिकटतात, आणि ढोबळ मानानं १० किलो तेल व १ किलो मिथेनॉलमधून १० किलो बायोडिझेल व १ किलो ग्लिसरीन हाती येतं. साबण करतानाही ग्लिसरीन असंच सुटतं.

आता या सुट्या साखळ्या गोठतात कधी? ज्यांना बाक नसतो, त्या काड्यांच्या जुडीसारख्या एकमेकींना लगटून बसतात. पामिटिक या बाक नसलेल्या स्निग्धाम्लाचं एस्टर, म्हणजे साखळी आणि मिथेनॉलची जोडी, ३० अंश सेल्सिअसलाच थिजतं. ओलेइकचं, साखळीत एक बाक असलेलं, उणे २० च्या आसपास. दोन बाकांचं लिनोलेइक त्याहूनही खाली. सोयाबीन तेलात सरळ साखळ्या साधारण १५ टक्के असतात, तेवढ्यानंच त्याचं शुद्ध बायोडिझेल शून्य अंशाच्या आसपास गढूळ व्हायला लागतं. मिनेसोटात जानेवारीत उणे २० म्हणजे नवलाची गोष्ट नव्हे.

पण २ टक्क्यांत असं किती गोठणार? खरा गुन्हेगार निघाला ग्लिसरीन. काही कारखान्यांच्या मालात ते मानकापेक्षा जास्त उरलं होतं. खोबरेल उन्हात ठेवलं की पुन्हा पातळ होतं; अशा अशुद्धींचा थंडीत जमलेला साका मात्र इंधन कोमट केलं तरी नीट विरघळत नाही. म्हणून २००८ मध्ये अमेरिकी मानकात एक नवी चाचणी आली. बायोडिझेल १६ तास ४.५ अंशांवर ठेवायचं, मग खोलीच्या तापमानाला येऊ द्यायचं, आणि त्यातलं ३०० मिलिलिटर अतिसूक्ष्म गाळणीतून सहा मिनिटांच्या आत खाली उतरलं पाहिजे. मला ही चाचणी फार आवडते, कारण ती ट्रकच्या फिल्टरचीच नक्कल आहे.

प्रमाण मग जपून वाढलं: २००९ मध्ये ५ टक्के, २०१४ मध्ये उन्हाळ्यापुरते १०, २०१८ मध्ये उन्हाळ्यापुरते २०. कायद्यात १० साठी २०१२ आणि २० साठी २०१५ लिहिलं होतं, दोन्ही मुदती हुकल्या. पेन्सिल्व्हेनियानं २ टक्के, ओरेगॉननं ५ टक्के सक्ती केली. इलिनॉयनं दंडुका न उगारता करसवलत दिली, तिथंही बायोडिझेल भरपूर खपतं.

आपल्याकडे थंडीचा प्रश्न किरकोळ, तेलाचा मोठा. २०१८ च्या राष्ट्रीय जैवइंधन धोरणात २०३० पर्यंत डिझेलमध्ये ५ टक्के बायोडिझेलचं लक्ष्य आहे. देश वर्षाला जवळपास ९ कोटी टन डिझेल जाळतो. त्याचे ५ टक्के म्हणजे ४५ लाख टन. आणि आपण दीड कोटी टनांच्या आसपास खाद्यतेल आयात करतो! लातूरचं सोयाबीन तेल इंजिनाआधी कढईत जाणार, आणि जावंही. मोगली एरंडानं माळरानावर तेल पिकेल ही आशा तर केव्हाच सुकली.

उरतं ते वापरलेलं तळणाचं तेल. त्यातले ध्रुवीय घटक, म्हणजे तेल पुन्हापुन्हा तापून बिघडलं की तयार होणारे पदार्थ, २५ टक्क्यांवर गेले की ते खाण्यासाठी वापरायला बंदी आहे, आणि असं तेल गोळा करून बायोडिझेलकडे वळवण्याची योजना २०१८ पासून आहे. फरसाण-वड्यांच्या कढईत बरेचदा पामतेल असतं. त्यात सरळ साखळ्या जवळजवळ निम्म्या, त्यामुळे त्याचं शुद्ध बायोडिझेल १५ अंशांच्या आसपासच गढूळतं. डिझेलमध्ये ५ टक्के असेल तर ते सहज पचतं. प्रमाण बरंच वाढवायचं झालं, तर निफाडच्या जानेवारीतली पहाट हिशेबात धरावी लागेल.