लालबागची खोली आणि पडवीतला राउटर

मिरग जवळ आला की मुंबईहून भावाचा फोन ठरलेला, पडला काय रे? मग जुलैत, किती पडला? शेवटी वैतागून मी कलमांच्या बागेत पर्जन्यमापक लावला, तो छोट्या टिपरीवाला, ०.२ मिलिमीटर पाणी भरलं की टिपरी उलटते आणि एक टिचकी मोजली जाते. त्याला रास्पबेरी पाय हा तळहाताएवढा कॉम्प्युटर जोडला, तोच माझा सर्व्हर, आकडे दाखवणारं एक साधं पान बनवलं, म्हटलं घे, आता लालबागला बसून बघ. घरच्या वायफायवर झकास दिसत होतं. भावाला काही म्हणजे काहीच दिसेना.

तेव्हा मी तेच केलं जे सगळे करतात, म्हणजे बाजारात गेलो आणि सहा अँटेनांचा राउटर उचलून आणला. फरक शून्य. अँटेना घरातल्या वायफायसाठी, बाहेरच्या माणसाला आत यायला त्यांचा काडीचा उपयोग नाही. घरी सर्व्हर ठेवायचा तर राउटर बघायचा तो वेगळ्याच गुणांसाठी, आणि त्याच्याही आधी एक गोष्ट तपासायची जी कुठल्याच खोक्यावर छापलेली नसते.

आपल्याकडच्या जुन्या माणसांना गावकीची खोली माहीत आहे. गिरणगावात एक खोली, त्यात गावचे वीस-तीस जण पाळीपाळीने झोपायचे, पत्ता मात्र एकच. घरचा राउटर हेच करतो. आत मोबाईल, टीव्ही, लॅपटॉप, सगळ्यांचे पत्ते १९२.१६८ ने सुरू होणारे, हे खासगी पत्ते, बाहेर त्यांना किंमत नाही. बाहेर जाताना राउटर प्रत्येक पाकिटावर, म्हणजे माहितीच्या तुकड्यावर, स्वतःचा पत्ता टाकतो आणि वहीत लिहून ठेवतो की अमुक पोर्टवरचं, म्हणजे पत्त्यापुढच्या दार-नंबरावरचं, उत्तर आलं की ते आतल्या अमक्याचं. याला नॅट म्हणतात, ही युक्ती १९९४ मध्ये कागदावर आली, कारण आयपीव्ही४, म्हणजे इंटरनेटच्या पत्त्यांची जुनी पद्धत, तिच्यात पत्ता ३२ बिटांचा, म्हणजे सगळे मिळून सुमारे ४२९ कोटी, आणि ते पुरणार नाहीत हे तेव्हाच दिसत होतं. फेब्रुवारी २०११ मध्ये जागतिक साठ्यातले शेवटचे गठ्ठे वाटून संपलेसुद्धा.

आता गंमत बघा. वहीत नोंद होते ती आतून कोणीतरी आधी पत्र पाठवलं तरच. माझ्या सर्व्हरच्या बाबतीत पहिलं पत्र भावाचं, बाहेरून. राउटर वही बघतो, नोंद नाही, पाकीट केराच्या टोपलीत. म्हणून पोर्ट फॉरवर्डिंग करायचं, म्हणजे खोलीच्या दारावर चिठ्ठी लावायची की ४४३ नंबरच्या पोर्टवर काही आलं तर ते थेट १९२.१६८.१.५० ला, म्हणजे रास्पबेरी पायला, द्या. आणि त्या पायला डीएचसीपीत, म्हणजे राउटर घरात पत्ते वाटतो त्या सोयीत, कायमच्या पत्त्याचं रिझर्व्हेशन द्यायचं, नाहीतर लाईट गेली, परत आली, पत्ता बदलला आणि चिठ्ठी भलत्याच्याच नावाची, पाऊस बघायला गेलेला माणूस प्रिंटरच्या दारात उभा.

मी चिठ्ठी लावली तरी भावाला दिसेना. दोन संध्याकाळी घालवल्यावर राउटरच्या पानावर वॅनचा, म्हणजे बाहेरच्या बाजूचा, पत्ता नीट वाचला, तो १००.७२ ने सुरू होत होता. तिथे ट्यूब पेटली. १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतचे पत्ते २०१२ मध्ये खास इंटरनेट कंपन्यांच्या आतल्या वापरासाठी बाजूला काढलेत, म्हणजे माझा पत्ता माझा नव्हताच, कंपनीने शेकडो घरांना एका पत्त्यामागे बसवलेलं. नुसती खोली नव्हे, अख्ख्या चाळीचा एकच पत्ता, आणि चाळीच्या फाटकावर चिठ्ठी लावायचा अधिकार मला नाही. याला सीजीनॅट म्हणतात. म्हणून नवा राउटर घ्यायच्या आधी हे बघा की राउटरमधला वॅन पत्ता आणि कुठल्याही ‘माझा आयपी काय’ सांगणाऱ्या साइटवरचा पत्ता एकच आहे का. वेगळा असेल तर दहा हजारांचा राउटरही हात वर करतो.

मग वाटा तीन. एक, जादा पैसे देऊन स्टॅटिक आयपी, म्हणजे न बदलणारा, फक्त आपला पत्ता. दोन, आयपीव्ही६, म्हणजे पत्त्यांची नवी पद्धत. त्यात पत्ता १२८ बिटांचा, खोलीतल्या प्रत्येक गड्याला स्वतःचा पत्ता, नॅटची गरजच नाही, आणि आपल्याकडे मोबाईल नेटवर तो बऱ्यापैकी चालतो त्यामुळे भावाला फोनवर लगेच दिसलं. पण राउटरची फायरवॉल, म्हणजे दारावरचा राखणदार, बाहेरून येणारं सगळं अडवते, अडवायलाच हवं, तर त्यात फक्त त्या एका यंत्राचं एक पोर्ट उघडता आलं पाहिजे, आणि फायबरवाल्याच्या फुकट डब्यात ती सोय बहुतेकदा नसते किंवा लपवलेली असते. तीन, पायनेच आतून बाहेर एखाद्या भाड्याच्या सर्व्हरपर्यंत वायरगार्ड या व्हीपीएनचा, म्हणजे कुलूपबंद जोडणीचा, बोगदा काढायचा. पहिलं पत्र आतून गेलं ना, मग सीजीनॅटही गप्प. मी सध्या दुसरी आणि तिसरी दोन्ही वापरतो.

म्हणून माझ्या मते राउटर निवडायचा तो ओपनडब्ल्यूआरटी, म्हणजे राउटरवर कंपनीच्या जागी टाकायची खुली सिस्टीम, चढतं का हे बघून. त्याचा इतिहासही मजेशीर आहे, लिंकसिसच्या डब्ल्यूआरटी५४जी या निळ्या-काळ्या राउटरात लिनक्स ही खुली सिस्टीम निघाली, तिच्या लायसनच्या अटीमुळे २००३ मध्ये कंपनीला सोर्स कोड, म्हणजे प्रोग्रॅमचा मूळ मजकूर, बाहेर द्यावा लागला, आणि पुढच्याच वर्षी लोकांनी त्यावर स्वतःची सिस्टीम उभी केली. आज घेताना १६ एमबी फ्लॅश आणि १२८ एमबी रॅमच्या खाली जाऊ नका. रॅम कशाला ते गणपतीत कळतं. घरात पस्तीस चाकरमानी, प्रत्येकाच्या मोबाईलची डझनभर कनेक्शनं, आणि नॅटची ती वही रॅममध्येच असते, छोटी असली की भरून जाते, मग आरतीच्या वेळी नेट ‘चालू आहे पण चालत नाही’. लिनक्समध्ये मूळ सेटिंगला तर शांत पडलेलं टीसीपी कनेक्शन वहीत ५ दिवस राहतं, ओपनडब्ल्यूआरटीने तेच साधारण २ तासांवर आणलंय. शिवाय त्यात एसक्यूएम, म्हणजे पाकिटांची रांग सांभाळणारी सोय, चालू करता येते, म्हणजे कोणी देखाव्याचा व्हिडिओ अपलोड करत असला तरी बाकीच्यांची पाकिटं रांगेत तुंबत नाहीत.

एक फसवाफसवी सांगतो. घरात बसून बाहेरच्या नावाने आपलाच सर्व्हर उघडला तर बऱ्याच राउटरवर उघडत नाही, कारण पाकीट दारापर्यंत जाऊन उलट आत वळवणं, हेअरपिन म्हणतात त्याला, सगळ्यांना जमत नाही. मी उगाच अर्धा दिवस सर्व्हर खोलून बसलो होतो. टेस्ट करायची तर वायफाय बंद करून मोबाईल डेटावर.

आणि हो, विचित्र पोर्ट नंबर दिला म्हणजे लपलो असं समजू नका. २०१३ मध्ये मिशिगन विद्यापीठातल्या लोकांनी झेडमॅप बनवलं, ते एका साध्या कॉम्प्युटरवरून अख्खं आयपीव्ही४ जग एका पोर्टसाठी पाऊण तासात चाळतं. २०१६ ची मिराई ही व्हायरससारखी कीड आठवा, फॅक्टरीचे साठेक पासवर्ड पाठ करून तिने लाखो कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले. तर यूपीएनपी, म्हणजे घरातल्या यंत्रांना न विचारता पोर्ट उघडू देणारी सोय, बंद, राउटरचं अ‍ॅडमिन पान बाहेरून बंद, आणि एका यंत्राची सगळी दारं बाहेरच्यांना उघडणाऱ्या डीएमझेड नावाच्या बटणाला हातही लावू नका.

आपल्याकडचा खरा शत्रू मात्र आकाशात असतो. जांभ्याच्या दीड-दीड फुटी भिंती, पावसात ओल्या, त्यात ५ गिगाहर्ट्झ दोन खोल्यांत दम तोडतं, म्हणून मी बागेपर्यंत तांब्याची लॅन केबल ओढली आणि मे महिन्यातल्या पहिल्याच वळवाला शेजारच्या माडावर वीज पडून राउटरचे केबल खोवायचे दोन पोर्ट गेले. आता तिथे फायबर आहे, काचेतून वीज जात नाही. पण खांबावरून येणाऱ्या फायबरला आधाराची स्टीलची तार असते, ती घरात न आणता बाहेरच कापायची, हे मला वायरमनने शिकवलं.

राउटरला १२ व्होल्टची छोटी बॅटरी लावली की लाईट गेली तरी तो तीन-चार तास निघतो. वाटेतला फायबरचा स्प्लिटर, म्हणजे एका तारेतला उजेड अनेक घरांत वाटणारा डबा, नुसता काचेचा, त्याला वीज लागतच नाही, वीज लागते ती थेट पलीकडच्या टोकाला, केबलवाल्याच्या ऑफिसात. त्यामुळे वाऱ्याचा अंदाज आला की मी आधी त्याला फोन करून विचारतो, जनरेटरात डिझेल आहे ना?