'रिफ्रेन'चा लगाम आणि धृपदाचा तुकडा

ग्वाल्हेरमधील एका घरगुती बैठकीत दारावर मोबाइल न वापरण्याची इंग्रजी सूचना होती आणि तिच्यात 'रिफ्रेन' हे क्रियापद होते. शेजारी बसलेल्या विद्यार्थ्याने लगेच सिद्धान्त मांडला: गाण्यात पुन्हा पुन्हा येणाऱ्या ओळीलाही 'रिफ्रेन'च म्हणतात, कारण ती गायकाला आवरून धरते. कल्पना सुरेख आहे, पण चुकीची. हे दोन स्वतंत्र शब्द आहेत. कालांतराने त्यांचे रूप तेवढे एक झाले.

क्रियापदाच्या मुळाशी लॅटिन 'फ्रेनुम', म्हणजे लगाम आहे, आणि 'रेफ्रेनारे' म्हणजे लगाम खेचून आवरणे. १०६६ नंतर नॉर्मन राजवटीबरोबर इंग्लंडमध्ये फ्रेंच शब्दांचा ओघ सुरू झाला आणि १४व्या शतकात हाही शब्द इंग्रजीत वापरला जाऊ लागला. पूर्वी त्याला कर्म लागत असे. १६११च्या इंग्रजी बायबलात पाऊल आवर, आवाज आवर, असे सांगताना हेच क्रियापद येते. जिभेखालच्या पातळ पडदीला शरीरशास्त्रात 'फ्रेन्युलम' म्हणतात, म्हणजे इवलासा लगाम. आपल्या 'संयम'मधील 'यम्' धातूवरून सारथ्याला 'यन्ता' म्हटले जाते, हेही येथे आठवते.

गाण्यातला 'रिफ्रेन' मात्र 'फ्रांगेरे', म्हणजे मोडणे, या लॅटिन क्रियापदाच्या घराण्यातला आहे. फ्रेंचमध्ये त्याचे 'फ्रेंद्र' झाले. मूळ शब्दात नसलेला हा 'द' आला कोठून? 'ग' मऊ होऊन अनुनासिकात विरला, मधला स्वर गळाला आणि 'न'ला 'र' येऊन भिडला. 'न' उच्चारताना जीभ दातांमागे टेकलेली असते आणि हवा नाकातून जाते. जीभ सुटण्याआधीच नाकाची वाट बंद झाली, तर त्या क्षणापुरता आपोआप 'द' उमटतो. सावकाश 'वान्र, वान्र' म्हणून पाहावे. 'वानर'चे मराठीत 'वांदर' आणि येथील हिंदीत 'बंदर' झाले ते असेच. लॅटिन 'प्लांगेरे'चे 'प्लेंद्र' आणि 'पिंगेरे'चे 'पेंद्र' झाले तेही याच वाटेने. बदल असा ओळीने, एकाच नियमाने व्हावा लागतो. नुसत्या ध्वनिसाम्यावरून प्रत्येक इंग्रजी शब्द संस्कृतातून काढून दाखवणारे संदेश ही कसोटी कधीच लावत नाहीत.

त्या ओळीशी गाणे दर वेळी तुटते, म्हणून तो 'रिफ्रेन'. प्रकाशाच्या वक्रीभवनाचे इंग्रजी नावही याच 'मोडण्या'वरून पडले आहे. राजा मानसिंह तोमराच्या या गावी भरभराटीला आलेल्या धृपदाचे नाव मात्र 'ध्रुव पद', म्हणजे न हलणारे पद, असे आहे.