निसर्गचित्रणासाठी अल्ट्रा-वाइड लेन्सची निवड : नागपूर परिसर

फुल-फ्रेम कॅमेऱ्यावर 24 मिमीपेक्षा आखूड केंद्रांतराची, म्हणजे फोकल लेन्थची, लेन्स अल्ट्रा-वाइड समजली जाते. या कॅमेऱ्याचा सेन्सर 36 मिमी रुंद आणि 24 मिमी उंच असतो. फोकल लेन्थ त्याच्या उंचीपेक्षाही आखूड झाली की लेन्स या वर्गात आली, असा ढोबळ हिशेब आहे. कर्णावर मोजलेला दृश्यकोन 24 मिमीला 84 अंश, 20 मिमीला 94, 16 मिमीला 107 आणि 14 मिमीला 114 अंश भरतो. 70 मिमीवरून 68 मिमीवर आलेले डोळ्याला जाणवतही नाही. 16 वरून 14 वर आले की चौकट तब्बल 7 अंशांनी उघडते. म्हणूनच या टोकाला एकेका मिलिमीटरसाठी जास्तीची काच, जास्तीचे वजन आणि जास्तीचे पैसे मोजावे लागतात. फिशआय लेन्स या नोंदीत धरलेली नाही. ती सरळ रेषा वाकवते. येथे विचार आहे तो सरळ रेषा सरळ ठेवणाऱ्या लेन्सचा.

ही लेन्स घेणाऱ्या बहुतेकांच्या मनात एकच अपेक्षा असते : समोरचे सगळे एका चौकटीत मावावे. नागपूरच्या परिसरात ही अपेक्षा हमखास फसते. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे 310 मीटर उंचीवर, बहुतांशी सपाट प्रदेशात वसले आहे. सह्याद्रीसारखे अंगावर येणारे कडे येथे नाहीत. आहेत त्या बुटक्या टेकड्या, पसरट तलाव आणि अफाट आभाळ. भोवतालच्या जमिनीपासून 100 मीटर उंच असलेली टेकडी 3 किलोमीटरवरून 16 मिमीच्या लेन्सने टिपली, तर सेन्सरवर तिची उंची जेमतेम अर्धा मिलिमीटर उतरते. म्हणजे चित्राच्या उंचीचा पंचेचाळिसावा भाग. नजरेला भरलेली टेकडी फोटोत क्षितिजावरची बारीक रेघ होऊन बसते. तीच 70 मिमीच्या लेन्सने घेतली तर चित्राचा दहावा भाग व्यापते. रामटेकचा गड शेतांपलीकडून दिमाखात दाखवायचा असेल, तर अल्ट्रा-वाइड पिशवीतच राहू द्यावी.

आता याच्या उलट पाहू. फेब्रुवारी-मार्चमध्ये पळसाखाली सडा पडतो. त्यातले 5 सेंटिमीटरचे एक फूल 40 सेंटिमीटरवरून त्याच 16 मिमीने घेतले, तर ते सेन्सरवर 2 मिलिमीटर उतरते, म्हणजे त्या टेकडीच्या जवळजवळ चौपट. पायाजवळचे मोठे आणि दूरचे लहान करण्याची ही ताकद हाच या लेन्सचा खरा गुण. ही दूरचे कवेत घेणारी लेन्स नव्हे, जवळ जाणाऱ्याची लेन्स आहे. निवडीचे बाकीचे सगळे निकष या एका गोष्टीवरून ठरवावेत, असे प्रस्तुत लेखकाचे ठाम मत आहे. (दूर-जवळच्या आकारांचे हे नाते कॅमेरा कोठे ठेवला आहे त्यावर ठरते, फोकल लेन्थवर नव्हे. लेन्स एवढेच करते, की इतक्या जवळ जाऊनही मागचे आभाळ चौकटीबाहेर पडू देत नाही.)

जवळ जाण्याजोगे या भागात पुष्कळ आहे. मे महिन्यात काळ्या कापसाच्या जमिनीला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. कॅमेरा गुडघ्याखाली उतरवला की त्या भेगाच नजरेला क्षितिजापर्यंत ओढत नेतात. शहराच्या पश्चिमेला दख्खनचा बेसाल्ट आणि पूर्वेला त्याहून कितीतरी जुने स्फटिकमय खडक, अशी येथे भूस्तराची सीमा आहे. त्यामुळे तासाभराच्या अंतरात पायाखालच्या दगडाचा रंग आणि पोत पालटतो. भंडारा-गोंदियाकडचे मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी तलाव, तर या लेन्ससाठीच खोदले असावेत असे वाटते. पाळीवर बसून कमळाच्या किंवा शिंगाड्याच्या पानांपासून दोन वितींवर कॅमेरा ठेवावा. पाने, पाणी, पलीकडची झाडे आणि वर जूनचे ढग असे चार थर आपोआप लागतात.

म्हणून दुकानात पहिला प्रश्न विचारावा तो किमान फोकस अंतराचा, म्हणजे किती जवळची वस्तू स्पष्ट येते याचा. हे अंतर लेन्सच्या काचेपासून नव्हे, सेन्सरपासून मोजतात. त्यामुळे कागदावरच्या आकड्यापेक्षा वस्तू काचेच्या बरीच जवळ येते. निकॉनच्या झेड 14-30 मिमी एफ/4 चे हे अंतर 28 सेंटिमीटर (एफ/ पुढचा आकडा अॅपर्चरचा, म्हणजे लेन्सच्या छिद्राचा; आकडा लहान तितके छिद्र मोठे), कॅननच्या आरएफ 14-35 मिमी एफ/4 चे 20 आणि कॅननच्या छोट्या आरएफ 16 मिमी एफ/2.8 चे अवघे 13 सेंटिमीटर आहे. त्याच्या जोडीला डेप्थ ऑफ फील्ड, म्हणजे जवळपासून दूरपर्यंत स्पष्ट येणारा पट्टा. 16 मिमीला एफ/11 ठेवून साधारण 80 सेंटिमीटरवर फोकस केला की 40 सेंटिमीटरपासून अनंतापर्यंत सगळे पुरेसे स्पष्ट येते. 50 मिमीच्या लेन्सला एफ/8 वर याच कामासाठी साडेदहा मीटरवर फोकस करावा लागतो आणि पहिले पाच मीटर धूसर राहतात. 40-45 मेगापिक्सेलच्या सेन्सरवर मोठी प्रत काढायची असेल, तर हा हिशेब थोडा सैल ठरतो. तेव्हा जवळचा आणि दूरचा असे दोन-तीन फोकस वेगवेगळे घेऊन ते संगणकावर जोडावेत. एफ/16 च्या पुढे जाऊन स्पष्टता वाढत नाही. विवर्तनामुळे, म्हणजे बारीक छिद्रातून जाताना प्रकाश पसरल्यामुळे, ती घटते.

क्रॉप सेन्सर, म्हणजे फुल-फ्रेमपेक्षा लहान सेन्सर, वापरणाऱ्यांनी येथले फुल-फ्रेमचे आकडे भागून घ्यावेत. निकॉन, सोनी, फुजी यांच्या एपीएस-सी (अशा लहान सेन्सरच्या) कॅमेऱ्यांवर दीडने, कॅननवर 1.6 ने. म्हणजे कॅननची ईएफ-एस 10-18 मिमी फुल-फ्रेमच्या 16-29 मिमीसारखे आणि निकॉनची डीएक्स 10-20 मिमी 15-30 मिमीसारखे काम करते. या दोन्हींचे वजन 250 ग्रॅमच्याही आत आहे. प्लास्टिकच्या बांधणीमुळे त्यांना हौशी समजून बाजूला सारणे अन्यायाचे आहे. तिकाटण्यावर (ट्रायपॉडवर) ठेवून एफ/8 ला घेतलेल्या चित्रात त्या कोठेही उण्या पडत नाहीत, आणि त्या खिशाला परवडतात.

या लेन्सची घडण समजली की बाजारातले फरकही समजतात. 1900 साली गोर्ट्झ कंपनीच्या हायपरगॉनने 135 अंशांचा कोन साधला होता. पण मधला भाग लख्ख आणि कडा अंधाऱ्या अशी तिची गत होती, म्हणून समोर हवेच्या झोताने फिरणारी चांदणीच्या आकाराची चकती लावून प्रकाश सारखा करावा लागे. पुढे एसएलआर कॅमेऱ्यात, म्हणजे आरशातून दृश्य दाखवणाऱ्या कॅमेऱ्यात, आरशाला जागा हवी म्हणून लेन्स फिल्मपासून लांब न्यावी लागली. 1950 मध्ये फ्रान्सच्या आंजेन्यू यांनी रेट्रोफोकस रचना बाजारात आणली ती या गरजेतून. समोर मोठी फुगीर काच ही त्या रचनेची खूण. मिररलेस कॅमेऱ्यांतून आरसा गेला. निकॉनच्या एसएलआरवरील एफ माउंटचे (लेन्स बसवायच्या कडीचे) सेन्सरपासूनचे अंतर 46.5 मिमी होते, मिररलेसवरील झेड माउंटचे 16 मिमी आहे. परिणाम वजनात दिसतो : 2007 ची निकॉन 14-24 मिमी एफ/2.8 जवळपास एक किलोची, 2020 ची तीच श्रेणी 650 ग्रॅमची. काही नव्या लेन्स कडांचा वाकडेपणा काचेऐवजी सॉफ्टवेअरने दुरुस्त करतात. निसर्गचित्रात त्याचे फारसे बिघडत नाही, मात्र कोपऱ्यातले पिक्सेल ताणले जाऊन थोडे मऊ पडतात.

समोरची काच फुगीर की सपाट, हा प्रश्न नागपुरात फार महत्त्वाचा आहे, कारण येथे धूळ आहे आणि ऊन आहे. फुगीर काचेवर साधा स्क्रू फिल्टर बसत नाही. 150 मिमीचे चौकोनी फिल्टर आणि त्यांची बोजड चौकट सांभाळावी लागते. शिवाय जवळ जाताना काट्याकुट्यांपासून काचेला आडोसा राहत नाही. 77 किंवा 82 मिमीचा फिल्टर घेणारी एफ/4 ची झूम शेतात उतरणाऱ्या माणसासाठी अधिक शहाणपणाची. मात्र पोलरायझर, म्हणजे चमक कापून आकाश गडद करणारा फिल्टर, जपून वापरावा. सूर्यापासून 90 अंशांवरच्या आकाशातच तो नीट गडद रंग देतो, आणि 16 मिमीची आडवी चौकट तर स्वतःच 97 अंश रुंद असते. गडावरून सकाळी उत्तरेकडे तोंड करून घेतलेल्या चित्रात मधोमध गडद निळा पट्टा आणि दोन्ही बाजूंना फिके आभाळ येते. हा दोष नंतर निघता निघत नाही. मेच्या शेवटच्या आठवड्यात नागपुरात भरदुपारी सूर्य थेट डोक्यावर येतो, तेव्हा क्षितिजालगतचे आकाश बऱ्यापैकी सारखे गडद होते. पण त्या उन्हात जमिनीवर सावलीच उरत नाही, चित्रात जीव येत नाही. पाण्यावरची चमक काढायला मात्र पोलरायझरला तोड नाही.

सूर्य चौकटीत येणे या लेन्सला टाळता येत नाही. अंबाझरीच्या बांधावरून मावळतीकडे पाहताना तो असतोच. तेव्हा घेण्यापूर्वी लेन्स दिव्यासमोर धरून, सगळ्या कोपऱ्यांतून दिवा फिरवून, फ्लेअरचे, म्हणजे काचांवरून परावर्तित होणाऱ्या उजेडाचे, ठिपके किती आणि कोठे पडतात ते पाहावे. अॅपर्चर एफ/16 ला नेऊन सूर्याची चांदणी कशी उमटते हेही बघावे. पाती सम असतील तर तितकेच किरण, विषम असतील तर दुप्पट.

कडांचा आणखी एक स्वभाव ओळखून असावे. सरळ रेषा सरळ ठेवण्याच्या बदल्यात ही लेन्स कडेच्या गोल वस्तू ताणते. 16 मिमीच्या चौकटीच्या डाव्या-उजव्या टोकाला हा ताण जवळजवळ दीडपट असतो. दीक्षाभूमीचा घुमट मध्यात ठेवला तर गोल राहतो, कडेला सरकवला की अंड्यासारखा होतो. हा लेन्सचा दोष नाही, भूमितीच तशी आहे. महागडी लेन्सही यातून सुटत नाही. कॅमेरा खाली-वर झुकवला की झाडे आत किंवा बाहेर कलंडतात तेही तसेच. क्षितिज समतल ठेवावे आणि हवी ती चौकट पुढच्या-मागच्या पावलांनी साधावी.

एफ/2.8 साठी जास्तीचे पैसे मोजावेत का? दिवसाच्या चित्रणासाठी अजिबात नको. रात्रीच्या आभाळासाठी मात्र जरूर, कारण एफ/4 च्या दुप्पट प्रकाश मिळतो, आणि ताऱ्यांच्या बाबतीत वेळ वाढवून तो भरून काढता येत नाही. 500 ला फोकल लेन्थने भागून येणारे सेकंद हा जुना नियम 16 मिमीला 31 सेकंद देतो. आजच्या बारीक पिक्सेलच्या सेन्सरवर 20 सेकंदांच्या आत राहिलेले बरे, नाहीतर तारे रेघोट्या होतात. नागपूरकरांसाठी हा विचार पुस्तकी नाही. महाराष्ट्रातील पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी 2024 मध्ये भारतातील पहिले डार्क स्काय पार्क म्हणून मान्यता मिळाली. या अक्षांशावरून आकाशगंगेचा मध्यभाग दक्षिणेला सुमारे 40 अंश चढतो, त्यामुळे उन्हाळ्यातल्या मोकळ्या रात्री 14 ते 20 मिमीच्या उभ्या चौकटीत जमिनीसकट तो पुरता मावतो. या कामाची लेन्स निवडताना कोपऱ्यातला तारा ठिपका राहतो की पंख फुटल्यासारखा पसरतो, एवढे एकच पाहावे. या पसरण्याला कोमा म्हणतात. सोनीची 20 मिमी एफ/1.8 ही 373 ग्रॅमची लेन्स या कसोटीला चांगली उतरते.

त्याच पेंचमध्ये दिवसाच्या सफारीला अल्ट्रा-वाइड जवळपास निरुपयोगी आहे. जिप्सीतून खाली उतरता येत नाही, म्हणजे जवळ जाता येत नाही, आणि जवळ जाता येत नसेल तर ही लेन्स फक्त रिकामा रस्ता मोठा करून दाखवते. सागाच्या रांगांसाठी 50 ते 100 मिमीची लेन्स नेणे योग्य.

जुनी लेन्स घेताना, किंवा लग्नाच्या फोटोग्राफरकडून दोन दिवस भाड्याने आणताना, सपाट भिंतीसमोर कॅमेरा काटकोनात लावून चारही कोपरे ताडून पाहावेत. एक कोपरा इतरांपेक्षा धूसर असेल तर आतली काच सरकलेली आहे. या वर्गात हा बिघाड वरचेवर आढळतो आणि दुरुस्ती महाग पडते. टॉर्च मारून आतून बुरशीचे जाळेही शोधावे. विदर्भातला उन्हाळा कोरडा म्हणून लोक निर्धास्त राहतात, पण घरोघरी कूलर चालतो आणि त्या खोलीतली हवा चार महिने पाणी पिऊन असते, मग लगेच पावसाळा. लेन्स कूलरच्या खोलीतल्या कपाटात कधी ठेवू नये. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेल घालून, ते महिन्याला तापवून, दुसऱ्या खोलीत ठेवावी. आणि 45 अंशांच्या मेमध्ये उभ्या गाडीच्या डिकीत तर मुळीच विसरू नये.