अमेरिकन क्वार्टेट

चेक संगीतकार आंतोनीन ड्वोर्झाक (१८४१–१९०४) याचा एफ मेजर स्वरातील बारावा स्ट्रिंग क्वार्टेट (दोन व्हायोलिने, त्यांहून मोठी व खालच्या स्वराची व्हिओला आणि चेलो या चार तंतुवाद्यांसाठीची रचना), कृती क्र. ९६. न्यूयॉर्कच्या नॅशनल कॉन्झर्व्हेटरीचा संचालक असताना १८९३ च्या उन्हाळी सुटीत तो आयोवा राज्यातील स्पिलव्हिल या चेक वसाहतीच्या गावी राहिला. तेथे ८ ते १० जून या तीन दिवसांत आराखडा व २३ जूनपर्यंत संपूर्ण रचना पुरी झाली. घरगुती पहिल्या वादनात पहिले व्हायोलिन त्याने स्वतः धरले. उरलेली तीन वाद्ये कोव्हार्झिक या स्थानिक शिक्षककुटुंबाने वाजविली. पहिले जाहीर वादन नाइझेल क्वार्टेट या वादकसंचाने बॉस्टन येथे १ जानेवारी १८९४ रोजी केले.

कृतीत ‘अमेरिकन’ नेमके काय, हा जुना वाद आहे. आरंभी व्हिओलावर येणारी धून पाचच स्वरांची आहे (सा रे ग प ध, आपल्याकडील भूपाचे स्वर, अर्थात साम्य स्वरांपुरतेच, चलनाचे नव्हे). काहींनी तिचे मूळ कृष्णवर्णीयांच्या भक्तिगीतांत, तर काहींनी मूलनिवासींच्या गाण्यांत शोधले. मात्र कोणत्याही विशिष्ट गीताची उचल दाखविता आलेली नाही आणि पंचस्वरी वळणे बोहेमिया-मोराव्हिया या चेक प्रांतांच्या लोकसंगीतातही आढळतात. त्यामुळे ‘अमेरिकेत लिहिलेली चेक कृती’ हे मत अधिक ग्राह्य वाटते. व्हिओलाने सुरुवात करण्यात चेक संगीतकार स्मेताना याच्या ई मायनर क्वार्टेटची आठवण असावी.

तिसऱ्या भागात पहिल्या व्हायोलिनच्या तारसप्तकात ऐकू येणारा तुकडा मात्र निश्चितपणे स्थानिक पक्ष्याचा. तांबडे अंग व काळे पंख या ड्वोर्झाकच्या वर्णनावरून तो स्कार्लेट टॅनेजर समजला जाई. अलीकडे काही पक्षिनिरीक्षकांनी स्वरांवरून तांबड्या डोळ्यांच्या व्हिरिओकडे बोट दाखविले आहे. दिसलेला पक्षी एक व गाणारा दुसरा असणे अशक्य नाही.

डी मायनरमधील दुसरा भाग संथ असून त्यातील दीर्घ धून प्रथम व्हायोलिन व मग चेलो गातो. अंतिम भागाच्या लयीत आगगाडी ऐकणारे आहेत. ड्वोर्झाकला इंजिनांचे वेड होते हे खरे, पण पुरावा तेवढाच. मधल्या संथ ओळींत गावच्या चर्चमधील ऑर्गनचा भास होतो. तेथे तो स्वतः ऑर्गन वाजवीत असे.

याच मुक्कामात ई फ्लॅट मेजरमधील स्ट्रिंग क्विंटेटही (पाच तंतुवाद्यांची रचना, कृती क्र. ९७) झाला, त्यात व्हिओला दोन आहेत.