गायरान, गाव नमुना १-ई आणि तलाठ्याचं दप्तर

सरकारी जमिनीवर गावपातळीवर नजर ठेवायची ती तलाठ्यानं. आता पदनाम ग्राम महसूल अधिकारी झालंय, पण सातारा-सांगलीकडे लोक तलाठीच म्हणतात. परगणा व कुलकर्णी वतनं १ मे १९५१ पासून गेली आणि कुलकर्ण्याचं पिढीजात दप्तर पगारी, बदलीच्या नोकराकडे आलं. महसुली पाटीलकीही १९६३ पासून संपली.

दप्तर मात्र सगळीकडे एकसारखं नव्हतं. साताऱ्याचं राज्य १८४८ मध्ये खालसा झालं, तर सांगली, मिरज, जत ही संस्थानं १९४८ पर्यंत टिकली. आटपाडी औंध संस्थानात होती. १९४९ मध्ये दक्षिण सातारा जिल्हा झाला, १९६० मध्ये त्याचं नाव सांगली झालं. म्हणून जुन्या नोंदी काढताना आधी गाव कोणाच्या अमलात होतं ते विचारावं.

तलाठ्याच्या नोंदवह्यांना गाव नमुने म्हणतात. वनजमीन नमुना १-अ मध्ये, बिनभोगवट्याची म्हणजे कोणाला कसायला न दिलेली सरकारी जमीन १-ब मध्ये, अतिक्रमण १-ई मध्ये. यातला १-ई सर्वांत मोलाचा आणि सर्वांत दुर्लक्षित. पीक पाहणीत गायरानात पेरा दिसला, की कसणाऱ्याचं नाव, क्षेत्र, पीक आणि कधीपासून, हे तिथं लिहून तहसीलदारांना कळवायचं. पुढची कारवाई १९६६ च्या जमीन महसूल संहितेच्या कलम ५० नुसार. पाहणी चावडीत बसून उरकली की नोंद राहून जाते. त्याहून वाईट म्हणजे ते नाव सातबाऱ्याच्या पीक रकान्यात शिरतं आणि पुढे कोर्टात ताब्याचा पुरावा म्हणून उभं राहतं.

दुसरी अडचण हद्दीची. शेतजमिनींचे विखुरलेले तुकडे एकत्र केले त्या एकत्रीकरणात सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. जुना-नवा नंबर जुळवल्याशिवाय गायरानाचं क्षेत्र ताडता येत नाही. गुंठा म्हणजे ३३ बाय ३३ फूट. ३३० फुटांची हद्द अवघी ११ फूट आत सरकली, की सव्वातीन गुंठ्यांहून जास्त जमीन गेली. दगड हलला असेल तर भूमी अभिलेखची मोजणीच मागवावी.

गायरान वाचवणं म्हणजे गरिबाला हुसकावणं, असं समजू नये. १४ एप्रिल १९९० पर्यंतची मागासवर्गीय भूमिहीनांची गायरानातली वहिवाट १९९१ च्या शासन निर्णयानं नियमित होऊ शकत होती, आणि ती सिद्ध करायला हीच १-ई ची नोंद लागायची. ज्या तलाठ्यानं ती वेळेत घेतली नाही, त्याच्या सजातला, म्हणजे त्याच्याकडच्या गावांतला, कसणारा पुराव्याविना अडकला.